हडसनचं दावं

७ जानेवारी १९८८

रामकिसन परत आला. छावणीतला हा दलाल जन्मात एकदा खरं बोललेला नाही. मागं ‘पॅकार्ड’ म्हणून मला पाण्याचा टँकर दाखवला होता यानं! आज म्हणे, "पडेगावला धनगराच्या वस्तीवर एक अमेरिकन गाडी हाय. लई बुटकी. आत बसाया पायरी चढायची नाय, उतरायची!"

पायरी उतरायची — म्हणजे हडसनच! त्या गाढवाला एवढं कळत नाही, हे बरंच!

माझ्याकडं स्टुडबेकर आहे, नॅश आहे, पॅकार्ड आहे. हडसन नाही. आणि तीच एक घरची होती! पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला निघालेल्या जागीरदाराकडून तात्यांनी घेतलेली. सत्तावन्न साली चोरीला गेली — मी इंजिनिअरिंगला पुण्याला निघालो, त्याच महिन्यात. आमचे पिताश्री तात्यासाहेब तिच्या शेजारी बाज टाकून झोपायचे. एवढी मोठी गाडी कुणी ढकलत नेली, तरी यांना जाग नाही! तीस वर्षं झाली. मी माफ केलेलं नाही.

ही मिळाली तर चकाचक करून फुलंब्रीला त्यांच्या दारात नेऊन उभी करणार. बघा म्हणणार, अशी सांभाळतात गाडी!

आशा म्हणते, "बंद पडलेल्या कंपन्यांच्या बंद पडलेल्या गाड्या, आणि मधे बसलेले तुम्ही." बायकोचं ऐकत बसलो तर झालंच.

९ जानेवारी

हडसनच! कमोडोर!

मालक मुंजाबा, त्याची म्हातारी आई बानाबाई, एक बैलजोडी, बाकी सगळी मेंढरं. गाडी पत्र्याखाली दगडांवर चढवलेली. अंगभर दारं-खिडक्यांचा निळा ऑइलपेंट — ब्रशनं फासलेला! डिकीत खुडूक कोंबडी. टपावर मिरच्या. पुढच्या तिकोनी बिल्ल्याला कुंकू. मी रडायचाच बाकी होतो. तोंडावर मात्र ‘भंगार आहे’ असाच भाव ठेवला.

"चावी?"

"चावी नाय, साहेब. इकणाऱ्यानं ठिवून घेतली."

"आणि तुझ्या बापानं ठेवू दिली?"

"दावं कुणी देतं व्हय? जनावर इकलं तरी दावं जुन्या मालकाच्या खुंटीलाच ऱ्हातं. बापानं मेंढरं दिली, गाडी आणली. चावी मागायची कशी?"

म्हणजे गाडी गेली, चावी राहिली! आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही! विकणारा महामूर्ख, घेणारा त्याच्या वरचढ. मग इतकी वर्षं केलं काय हिचं? तर वस्तीवरच्या प्रत्येक लग्नात हिला बैल जुंपून वरात काढली म्हणे! सहा सिलिंडरचं इंजिन, आणि त्याच्यापुढं दोन शेपट्या!

मी खो-खो हसलो. म्हातारी हसली नाही. विकणारा कोण, ते मी विचारलंसुद्धा नाही. असल्या माणसाचं नाव कळून करायचंय काय?

१० जानेवारी

दिवसभर तो तिकोनी बिल्लाच डोळ्यांपुढं. जेवण गेलं नाही.

१३ जानेवारी

पुण्याचा कुणी काळ्या चष्म्याचा शौकीन क्रेन घेऊन पडेगावात हजर! रामकिसननंच कळवलं असणार, हरामखोर. मी जीप दामटत गेलो, तर क्रेन रिकामीच परत निघालेली. बानाबाईनं हाकललं त्याला.

"साखळी घिऊन आला व्हता मेला. साखळी कुत्र्याला बांधत्यात."

मी लगेच जीपमधला नवाकोरा नायलॉनचा दोर काढला. तिनं हातात घेतला, चाचपला, परत दिला.

"दुकानातलं नगं, बाबा. नेणाऱ्यानं आपल्या गोठ्यातलं दावं आणावं. गोठा हाय का तुला?"

इंजिनिअर माणसाला हा प्रश्न! माझा घुस्सा मीच गिळला. "आहे," म्हणालो. "फुलंब्रीला."

"मग जा की. गाडी तुझीच."

म्हणजे आता वीतभर सुंभासाठी फुलंब्री! पुण्याला निघालो त्या सकाळी अंगणभर कुणाची तरी मेंढरं कोंबलेली होती. नाक दाबून बाहेर पडलो होतो मी. त्या घराची किळस तेव्हाच आली, ती गेली नाही. दिवाळीलासुद्धा तासभर टेकतो, निघतो. तात्या ब्याऐंशीचे झाले. गाडीचं नाव काढलं की अजून मान खाली घालतात. घालणारच! तोंड आहे कुठं दाखवायला?

१४ जानेवारी

आशाला बरोबर चल म्हणालो. "तुमच्या बापाकडं तुम्हीच जा एकदा, सरळ तोंडानं," म्हणाली. फाजीलपणा.

१६ जानेवारी

फुलंब्री. गोठ्यातल्या आतल्या खुंटीला जुनी दावी, धुळीनं काळी पडलेली. एक ओढलं तर टोकाला चावी लोंबत होती. चावीवर तोच तिकोन.

तात्या काठी टेकत मागं आले. "ते नगं, दुसरं घे. इकलेल्याचं दावं हाय. देऊ न्हाई."

"कुठल्या जनावराचं?"

"ज्याच्या जिवावर तू पुण्याला शिकाया गेलास, त्याचं." मग खाली बघत म्हणाले, "इकली म्हणलो असतो तर तू गेला नसतास."

ती मेंढरं! अंगणातली ती मेंढरं!

चावी मागितली नाही. दुसरं दावं घेतलं. उद्या पडेगावला मुंजाबाचे बैल जुंपायचे. तात्या आत बसतो म्हणालेत. पायरी उतरायची आहे, हात धरावा लागेल.