दिग्विजयच्या कॉम्प्युटरचं इंजिनकाम

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, सकाळ

आमचे मास्तर श्री. सिद्धाप्पा, मुक्काम मैंदर्गी, यांस कुंडलिक ड्रायव्हरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात जोडायचे म्हणजे स्टेअरिंग सोडावं लागतं. एवढा मान मी फक्त तुम्हालाच देतो.)

इकडं आम्ही खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं गोजावहिनींनी फोनवर सांगितलं. तुम्ही काही फोनवर आला नाहीत. ‘बसल्यात कट्ट्यावर, उटा म्हटलं तर उटत न्हाईत,’ असं वहिनी म्हणाल्या. बरं, विश्रांती घ्या. आमच्या सौ. रंभाबाईची शुगर आटोक्यात आहे, तोंड आटोक्यात नाही. ऊन असं पडलंय की दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला तसंच चालेल.

पत्राचं कारण असं, की माझी नोकरी जायच्या बेतात आहे. दचकू नका. एसटीतून आपण दोघं, ड्रायव्हर-कंडक्टर, एकाच महिन्यात रिटायर झालो, हार एकाच दुकानातून आले, हे माझ्या लक्षात आहे. ही दुसरी नोकरी. पगार नाही, पण मेमो मिळतो, म्हणजे नोकरीच म्हणायची की!

झालं असं. आमच्या दिग्विजयनं (अर्ध्या तिकिटाचा होता तेव्हापासून तुम्ही त्याला ओळखता) इंजिनिअरिंगला असताना अभ्यासासाठी म्हणून एक मोठा कॉम्प्युटर घेतला होता. पुढं सगळं शिक्षण होईपर्यंत त्या खोलीतून बंदुकीचे आवाज यायचे. इंजिनिअरिंगला एवढ्या गोळ्या सुटतात हे आम्हाला काय माहीत? मग तो पुण्याला नोकरीला गेला आणि तो डबा इथंच धूळ खात पडला. गेल्या दिवाळीला येताना त्यानं मला खरंखुरं स्टेअरिंग आणि क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणलं, सगळं त्या कॉम्प्युटरला जोडलं आणि बस चालवायचा गेम लावून दिला. मास्तर, खोटं सांगत नाही, बसायच्या आधी मी स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला. रंभाबाई दारात उभी राहून हसत होती. हसू दे. रिटायर झाल्यापासून सकाळी उठून जायचं कुठं, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. मला रोज पडत होता.

या गेममध्ये लोकांनी आपापल्या कंपन्या काढल्यात. आपण त्यात ड्रायव्हर म्हणून लागायचं, रूट घ्यायचा, प्रत्येक स्टॉपची वेळ पाळायची. मी एका कंपनीत लागलो. मॅनेजर कोण, तर नाशिकचा पृथ्वीराज नावाचा पोरगा, कॉलेजात जातो. त्यानं मला ट्रायलवर घेतलं. (उभ्या हयातीत ज्याला अपघात नाही, त्याला ट्रायल!) अट अशी, की तीनदा गाडी लेट झाली की नाव कमी. मास्तर, आपल्या गाडीवर गावातल्या बायका घड्याळ लावायच्या. आणि इथं पहिल्याच आठवड्यात मला लेटचा मेमो आला. मेमो मराठीतसुद्धा नव्हता.

दोष माझा नव्हता. गाडी स्टॉपवर लावली की तिथंच अडकून बसायची. दार उघडलं, प्रवासी चढले, दार मिटलं, तरी गाडी उचलायची नाही. उलट कधी कधी मोकळ्या रस्त्यावर मधेच करकचून ब्रेक लागायचा आणि आतले प्रवासी पुढच्या सीटवर आपटायचे. मी दिग्विजयला फोन लावला. तो म्हणाला, बाबा, मशीन जुनं झालंय, हँग होत असणार. झालं! मशीन जुनं म्हटल्यावर माझ्यातला निम्मा मेकॅनिक जागा झाला. (निम्माच. उरलेला निम्मा असता तर पुढचं घडलं नसतं.)

कॅबिनेट उघडलं तर आत कापूस. आमच्या पेठेत लूमचा कापूस हवेत उडतो, तो सगळा त्या डब्यानं ओढून घेतला होता. एक उशी सहज भरली असती. आता गाडीत धूळ साठली की आपण काय करतो? हवा मारतो. मी कॅबिनेट स्कूटरवर पुढं ठेवलं आणि निंगप्पा पंक्चरवाल्याकडं नेलं. निंगप्पा म्हणाला, किती पौंड? मी म्हटलं, मोठ्या गाडीचं आहे, मार. त्यानं मारली. कापूस गेला, त्याच्यामागोमाग प्रोसेसरच्या पंख्याची दोन पाती गेली आणि एक वायर समोरच्या रसवंतीवाल्याच्या अंगावर पडली. निंगप्पा निवांत म्हणाला, ‘आतलं कच्चंच हुतं की ओ.’

मग नवी पेठेत अनिलकुमारच्या दुकानात गेलो. माणूस चांगला आहे, पण दुकानात जत्रेसारखे दिवे. रॅमला दिवे, पंख्याला दिवे. मी म्हटलं, अरे, मला गाडी पाळण्याला जोडायची नाही, रूटवर काढायची आहे. त्यानं विचारलं, काका, गेम कुठला? मी म्हटलं, साधी गाडी, जलद नको. त्यानं गेमचा विषय सोडून कॅबिनेट उघडलं. मग त्यानं समजावलं, की मदरबोर्ड जुना आहे म्हणून नव्या जातीची रॅम त्यात बसणार नाही, आणि नुसतं ग्राफिक कार्ड भारी घेतलं तर जुना प्रोसेसर त्याला पुरा पडणार नाही. हे मला एका झटक्यात समजलं. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स. मी तसं म्हणताच अनिलकुमारनं मला बसायला स्टूल दिलं. त्या दिवशी पंखा, जुन्या जातीची रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असं घालून आणलं. कॉम्प्युटर चालू व्हायला आधी चहा करून पिऊन व्हायचा, आता कप हातात घ्यायच्या आत चालू. चित्र लोण्यासारखं पळायला लागलं. आणि दुसऱ्या दिवशी गाडी स्टॉपवर परत अडकली. दुसरा मेमो.

आता एकच चूक शिल्लक होती आणि माझी झोप उडाली. पृथ्वीराजला मी कळवलं, की गाडी वर्कशॉपला आहे, नवीन ग्राफिक कार्ड घालतो, तोवर सुट्टी द्या. त्यानं रविवारपर्यंत मुदत दिली. रविवारी घाटातून शेवटची ट्रायल, ती वेळेवर झाली तर कायम. कायम, मास्तर! या वयात!

कार्ड मी निवडलं. अनिलकुमार छोटं घ्या म्हणत होता, पण मी दोन्ही हातांत धरून वजन बघितलं आणि जड होतं ते घेतलं. (स्पेअर पार्ट हलका घेऊ नये, हे तुम्हालाही ठाऊक आहे.) घरी आणलं तर ते कॅबिनेटपेक्षा लांब. मग बॉडीवाल्या चन्नप्पाकडं नेऊन पत्रा कापून घेतला. आता कार्ड समोरून थोडं बाहेर येतं, बोनेटच्या जुन्या गाडीसारखं, आणि खरं सांगू का, दिसतं रुबाबदार. रंभाबाईनं हळदीकुंकू वाहिलं. नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, पण कॉम्प्युटरला चाकं कुठली? खुर्चीला होती. तिनं चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी बसलो, क्लच दाबायला जोर लावला, खुर्ची लिंबावरून घसरून मागं गेली आणि मी पलंगाखाली. लिंबाचा रस उघड्या कॅबिनेटच्या दिशेनं उडाला तो मधे माझ्या पायजम्यानं अडवला. कार्ड वाचलं. पायजमा नवा होता.

एवढं सगळं होऊन काल सरावाला गाडी काढली, तर पहिल्याच स्टॉपवर परत तेच! मी चिडून अनिलकुमारला फोन करून घरी बोलावलं. म्हटलं, ये, डोळ्यानं बघ तुझा माल. तो बिचारा दुकान सोडून आला आणि माझ्या शेजारी बसला. गाडी स्टॉपवर. प्रवासी चढले, दार मिटलं. गाडी ढिम्म. मी म्हटलं, बघ, हँग झालं. तो स्क्रीनकडं बघत नव्हता, माझ्या पायाकडं बघत होता. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरच्या लागोपाठ दोन शिट्ट्या झाल्या आणि गाडी निघाली. छान पळाली. पुढच्या वळणावर कुकरची एकच शिट्टी झाली आणि करकचून ब्रेक.

अनिलकुमार म्हणाला, ‘काका, मशीन ठीक हाय. ब्रेकवरचा पाय तुमीच काढंना झालाय. कशाची वाट बघताय?’

मास्तर, मी वाट बघत होतो डबल बेलची.

मला पत्ताच नव्हता. इतकी वर्षं तुमची दोरी दोनदा वाजल्याशिवाय मी गाडी उचलली नाही आणि एकदा वाजल्यावर थांबल्याशिवाय राहिलो नाही. डोकं रिटायर झालं, पाय झाला नाही. अनिलकुमार बिचारा हसला नाही. चहा पिऊन गेला. आतून रंभाबाई मात्र इतकी हसली की भात करपला. मला हसू आलं नाही. त्या रिकाम्या खोलीत मला एकदम लई एकटं वाटलं, हे तुम्हाला सांगायला कसली लाज?

असो. गोजावहिनींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद. उत्तराची घाई नाही.

तुमचा,
कुंडलिक ड्रायव्हर

ता. क. उत्तराची घाई नाही असं वर लिहिलंय, ते रीत म्हणून. रविवारी सकाळी ट्रायल आहे. शनिवारीच निघा. काम बसून करायचं आहे, जिना नाही, आमची खोली तळमजल्यावरच आहे. तुमच्यासाठी खुर्ची माझ्या डाव्या हाताला, जरा मागं, ठेवली आहे. तिला चाकं नाहीत.

आणखी ता. क. देवघरातली घंटा वापरून बघितली. रंभाबाई आरतीसारखी वाजवत सुटते. थांबू का निघू हे कळेना, दोन गायी आणि एक सिग्नल गेला. फोनवर बेल रेकॉर्ड करून पाठवतो असं म्हणाल, तर तसलं काही पाठवू नका.

शेवटची ता. क. पृथ्वीराजला फोन करून सांगितलं, की माझ्या गाडीवर कंडक्टर हवा. तो म्हणाला, गेममध्ये कंडक्टरची पोस्टच नाही, तिकीट मशीन देतं, दार बटणानं मिटतं, मग कंडक्टर करणार काय? मी म्हटलं, साहेब, ते तुम्हाला नाही कळायचं, पण माझा माणूस शेजारी नसेल तर रविवारी मी गाडी काढणार नाही, नाव कमी करायचं असेल तर खुशाल करा. तेव्हा नोकरी आता तुमच्या हातात आहे. हे लिहितोय तेव्हा सरावाची गाडी पहिल्या स्टॉपवर उभी आहे. माणसं भरलीत, दार मिटलंय, मागची गाडी हॉर्न मारतेय. रंभाबाई म्हणते, लाइट बिल येईल, बंद करा ते. मी म्हटलं, येऊ दे. मास्तर चढायचेत अजून.