बारा तारखेची मोजणी

३ फेब्रुवारी
आज नातीच्या घरी राहायला आले. मी सांगतेय, सायो लिहितेय. शाळेच्या वयात मी बापाबरोबर रानात कोळसा पाडत होते, अक्षरांशी ओळख राहूनच गेली. सायो म्हणते, रोज काहीतरी सांग आजी, म्हणजे डोकं गंजणार नाही. कुणाचं गंजलंय ते पुढे कळेलच.
घर झकास आहे. खाली शेगडी, वर पाहुण्यांच्या खोल्या, मागे डोंगर. पाहुणे पायाला फळ्या बांधून तासन्‌तास बर्फ चढतात आणि घसरत खाली येतात. यात त्यांना सुख वाटतं. सायो त्यांची वाटाड्या.
आज भुतं हाकलायचा सण. वयाइतके भाजलेले सोयाबीन खायचे. दाणे एक्क्याण्णव, दात तीन. सायो म्हणाली, उरलेले उद्या खा. म्हटलं, भुतं थांबणार आहेत का उद्यापर्यंत?

५ फेब्रुवारी
मला नोकरी लागली. दाराशी बसायचं. बर्फाखाली गाडलेलं माणूस सापडावं म्हणून इथे प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र असतं. ते ऐकणारं यंत्र माझ्या हातात. माणूस समोरून गेला की ते टिवटिवतं आणि किती मीटरवर आहे तो आकडा दाखवतं. टिवटिव नाही तर डोंगर नाही. सहा जण गेले, सहा वेळा टिवटिवलं. सहाही परत आले, भात संपवून गेले.

८ फेब्रुवारी
तीन दिवस पश्चिमेचा वारा. मागच्या मोठ्या उतारावर बर्फ फुगून बसलंय. काठी खुपसून पाहिली. वर घट्ट थर, खाली जाड्या मिठासारखं सुटं. माझ्या नवऱ्याने अस्वलामागेसुद्धा असल्या उतारावर पाय टाकला नसता. सायोलाही पटलं. पाहुण्यांना तिने दाट झाडीतून, कमी चढाच्या वाटेने नेलं.
सायो धरून पाच जण गेले. टिवटिव सहा वेळा झाली. सहाव्या वेळी दारात कुणी नव्हतं. सायो म्हणते, थंडीने यंत्र वेडं होतं. मी होत नाही.

१० फेब्रुवारी
आज कुणी गेलं नाही. दार बंद. जेवताना यंत्र टिवटिवलं. सायोने आकडा वाचला, तीस. मग बावीस. तिचा घास हातातच राहिला. हेही लिही, पोरी.
मग तिला सांगितलं. बारा तारखेला आमच्या गावचं कुणी डोंगरात जात नसे. त्या दिवशी डोंगराची बाई आपली झाडं मोजते. समोर माणूस दिसला तर त्यालाही झाडांत मोजते, आणि मोजलेलं परत देत नाही. दिसायला फार कुरूप. शिकारी तिला तिच्याहून ओबडधोबड सुका मासा दाखवत, म्हणजे स्वतःला देखणी समजून ती खूश व्हायची.
सायो हसली. तेराला पाहुणे येणार, त्यांना मोठाच उतार हवाय. बाराला ती एकटी जाऊन, खड्डा खणून थर तपासणार.

११ फेब्रुवारी
फावडं दाराशी आलं. जाऊ नको म्हटलं. ती म्हणाली, "आजी, मी न बघता लोकांना वर नेऊ का?"
यंत्र — नऊ.

१२ फेब्रुवारी, सकाळ
म्हटलं, आजचं आधी लिहून घे, मग जा. म्हातारीचा हट्ट म्हणून बसली. आता मी बोलतच राहणार. हात कागदावर आहे तोवर पाय डोंगरावर नाहीत. कळलं ना तुला, हसू नको, लिही. माझं लग्न झालं तेव्हा छपरापर्यंत बर्फ होतं, नवरी खिडकीतून आत —
धप्प.
ऐकलंस? बर्फ बसलं. खिडकीकडे नको बघू. मीच बघते. उतार सुटला — सगळा — झाडीपर्यंत आला. तुझी वाट त्याच्याखाली.
लिही.
यंत्र — चार. डोंगराच्या बाईची मोजणी एकाने अपुरी आहे.
तुझं यंत्र शोधू नकोस, बंद करून मी पोटाशी ठेवलंय. दार उघडून चालू करते, तुझ्या जागी मला मोजू दे. मासा नाही घरात — हे माझं तोंड चालेल तिला —
दोन.
उठायचं नाही, सायो — दार मी उघडते — तू लिही — ये बाई, मोज, नीट मोज, ही एक्क्याण्ण