बस बाई, चहा मिळणार नाही

नवलाख उंबरे,
गुरुवार, दुपारी चार

प्रिय समीक्षा,

तुझा फोन तुझ्या आईनं कपाटात कुलूप लावून ठेवलाय असं कळलं, म्हणून हा कागदाचा उद्योग. भामाबाई उद्या इंदुरीला लेकीकडे चालल्यात, त्यांच्या हाती देतेय. त्यांनी वाटेत उघडून वाचलं तरी माझी हरकत नाही. आणि तुझ्याआधी हे तुझ्या आईच्या, माझ्या ताईच्या हाती पडलं तर ताई, तूही वाच, खुशाल वाच. लपवण्यासारखं यात आता काही राहिलेलं नाही. अक्षराला मात्र नाव ठेवू नकोस. कंपनीत दिवसभर मी आकडे आणि बरोबरच्या खुणा सोडून काही लिहीत नाही.

काय झालंय ते मला सगळं कळलंय. लोणावळ्याच्या हॉस्टेलवर पहाटे तुला जाग येते, डोळे उघडतात, आणि अंग मात्र ओंडक्यासारखं पडून राहतं. ओरडायला जावं तर घशातून नुसतं घरघरतं. छातीवर कुणीतरी म्हातारी बसलेली असते. तुझी रूममेट श्रद्धा घाबरली, तिनं रेक्टरबाईंना उठवलं, त्यांनी घरी कळवलं, आणि तिसऱ्या दिवशी तुझी बॅग इंदुरीला परत. मग ताईनं तुला आमच्या गावच्या देवळात आणलं, रखमाजी गुरवांनी मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलं लावली, डावीकडचं पडलं, म्हणजे कौल नकाराचा, आणि ठरलं की पोरीनं वर्षभर शीव ओलांडायची नाही. रविवारी उतारा. सोमवारी तुझ्या नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. म्हणजे उतारा तुझं भूत काढणार आणि जाताना तुझं वर्षही बरोबर घेऊन जाणार. हे मला मान्य नाही. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

माझं सुरू झालं तेव्हा मी बावीसची होते, तू सातवी-आठवीत असशील. कंपनीत नुकतीच लागले होते, तयार पार्ट तपासायच्या खात्यात. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, पुढचा सेकंड, मग थर्ड, आणि पुन्हा पहिल्यापासून. थर्ड करून सकाळी आठला घरी यायचं, पडदा ओढून झोपायचं. अशाच एका दुपारी जाग आली. पंखा फिरताना दिसत होता. स्वयंपाकघरात तुझी आजी कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत होती. रस्त्यावरून भंगारवाला स्पीकर लावून चालला होता, जुना फ्रिज, जुना कूलर, सगळं ऐकू येत होतं. आणि कपाटापाशी एक माणूस उभा होता. डोक्यावर हेल्मेट, पायांत सेफ्टी शूज. तो हळूहळू जवळ आला आणि माझ्या बरगड्यांवर बसला. मला करंगळीसुद्धा हलवता येईना. आता हसते, कारण तुला म्हातारी दिसते आणि मला कामगार दिसला, म्हणजे भूतसुद्धा ज्याच्या त्याच्या नोकरीप्रमाणे येतं. पण त्या दुपारी मी मेले असंच मला वाटलं होतं. पाऊण मिनिटाचं ते प्रकरण असेल, पण त्यानंतर कितीतरी दिवस मला झोपायचीच भीती वाटायची.

तुझ्या आजीनं उशाखाली विळा ठेवला. म्हणाली, "लोखंड असलं की ते जवळ येत न्हाई." मी म्हटलं, "आई, मी आठ तास लोखंडातच असते, तितं न्हाई भ्यालं ते, तुझ्या विळ्याला कुटं भ्यायचं?" तिनं विळा काही काढला नाही. पुढच्या महिन्यात कौल लावला: पोरीनं नोकरी ठेवावी का? माझाही डावाच पडला. तुझे आबा म्हणाले, "झालं, सुटला प्रश्न." मी सोमवारी युनिफॉर्म घातला, डबा घेतला आणि कामावर गेले. आबा अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी त्यांनी विचारलं, "बस किती वाजता येती तुजी?" तेवढंच. माझं देवाशी भांडण नाही, समीक्षा, मी आजही त्याच देवळात नारळ फोडते. पण दाढ दुखली तर आपण कौल लावतो का? सरळ डॉक्टरकडे जातो. मग झोपेनंच काय पाप केलंय?

मीही गेले. घरी न सांगता, तळेगावातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अजिबात आश्चर्य दाखवलं नाही, यानंच मी अर्धी बरी झाले. त्यांनी सांगितलं ते असं. स्वप्नात आपण पळतो, भांडतो, पण खरोखरचे हातपाय झाडून स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून झोपेत मेंदू अंगाला कुलूप घालतो. कधी कधी डोकं आधी जागं होतं आणि कुलूप उघडायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात स्वप्नाचा एखादा तुकडा डोळ्यांसमोर उरलेला असतो, तोच तुझी म्हातारी आणि तोच माझा कामगार. झोप तुटपुंजी झाली, वेळा रोज बदलल्या, माणूस काळजीत असला की हे जास्त होतं. तुझं बघ, दिवसा वॉर्डात ड्युटी, रात्री अभ्यास, शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. वर कॉफी पितेस ते वेगळंच. अशानं म्हातारी येणार नाही तर काय होणार?

अंगावर आलं की झगडू नकोस. मी सुरुवातीला सगळी ताकद लावून उठायला बघायचे, त्यानं भीती दुप्पट व्हायची. आता श्वासाकडे लक्ष देते, तो चालूच असतो, तो कुणी अडवलेला नसतो. मग फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करते. अंगठा हलला की बाकीचं अंग मागोमाग येतं. उताणी झोपू नकोस, कुशीवर झोप. झोपायची आणि उठायची वेळ एकच धर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि एकदा डॉक्टरांना नीट दाखव, दिवसाही बसल्या जागी डोळे मिटत असतील तर तेही सांग. श्रद्धाला म्हणावं, पुन्हा असं दिसलं तर किंचाळू नको, नुसता खांदा हलव. नर्स होणार आहे ना ती?

माझी शिफ्ट बदलून घ्यायला मात्र मला सहा महिने भांडावं लागलं. सुपरवायझर हसून म्हणाला, "झोप काय, सगळ्यांनाच येते मॅडम." मी डॉक्टरांचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिले. त्यानं तो वर पाठवला नाही. मग मीच वर घेऊन गेले, एकदा नाही, चार वेळा. चौथ्या वेळी तिथल्या साहेबांनी मला पाहूनच पेन काढलं. आता कायम फर्स्ट शिफ्ट. बायका मला झोपाळू म्हणतात. म्हणोत बापड्या, मी दहाला आडवी होते आणि कुणाच्या बापाची भीती बाळगत नाही.

तरी ते येतं. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी अजून येतं. परवाच आलं होतं. पूर्वी मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू करायचे आणि दुसऱ्या ओळीला अडकायचे. आता त्या पीडेलाच म्हणते, आलीस? बस बाई, बस. चहा मिळणार नाही. पाच मिनिटांत मला आंघोळीला जायचंय. मग अंगठा हलवते, उठते, बसच्या वेळेला फाट्यावर हजर. पाच वर्षांत या कारणानं माझा एकही खाडा नाही.

हे वाचून तू बुचकळ्यात पडली असशील. राजी मावशीचं तर कधीच थांबलं, असं तू शाळेत असल्यापासून ऐकत आलीस. सगळ्या गावानं ऐकलंय. आज ते निस्तरायला बसलेय. कौल मोडून कामावर गेले तेव्हा आई रोज रडायची, म्हणून तिच्या समाधानासाठी मी उतारा करून घेतला. लिंबू, नारळ, दंडाला काळा दोरा. महिन्यानं तिनं विचारलं, "आता होतंय का गं?" तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी म्हटलं, "न्हाई." त्या एका शब्दावर तिनं देवीची ओटी भरली, पेढे वाटले. कस्तुराबाईच्या पोरीला गुण आला, हे तळेगावपर्यंत पोचलं. गेल्या वर्षी दोन पोरींना त्यांच्या आया माझं नाव सांगत रखमाजींकडे घेऊन आल्या, तेव्हाही मी गप्प बसले, कारण माझं लग्न समर्थच्या घरी ठरत होतं. आणि आता तुझी आई तुला घेऊन आली. तिचा काही दोष नाही. तिच्या सख्ख्या बहिणीला गुण आलेला तिनं डोळ्यांनी पाहिलाय. गुण आला नव्हता, समीक्षा. मी खोटं बोलले होते, आणि त्या खोट्यापायी तू घरात अडकलीस. आज सकाळी चहाच्या वेळी आई-आबांना सांगितलं. समर्थला फोन केला. तो "घरी बोलतो" म्हणाला, अजून काही कळलेलं नाही. मोडलं तर मोडो. ताईला संध्याकाळी सांगणार आहे, रविवारी देवळात रखमाजींसमोर आणि जमेल त्या सगळ्यांसमोर पुन्हा सांगणार आहे. सोमवारची रजा टाकलीय. साडेसातला तुझ्या दारात येते, बॅग भरून ठेव, फॉर्म आपण दोघी मिळून भरू. मला वाटलं होतं आई आज मला घराबाहेर काढेल. तिनं हातातली कपबशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मंग पाच वरसं तू एकलीच सोसत व्हतीस व्हय गं?" तुला एकटीला सोसायला लावणार नाही, एवढंच सांगायला हे लिहिलं.

तुझीच,
राजेश्वरी मावशी