फ्रीजचा खालचा खण

जुने शहर, अकोला
मंगळवार

प्रणालीच्या बाबांस पार्वताचा नमस्कार,

आमी दोघी बऱ्या आहोत. आधी घोटभर पाणी प्या, मग पुढचं वाचा. फोनवर तुमाले आयकू येत नाही म्हणून लिहून राहिली.

आपली पोरगी घरी टार्ट करून विकते. पफच्या पिठाच्या वाट्यांत पालक, सिमला मिरची अन् चीज भरून ओव्हनमध्ये भाजायचे. त्या पिठात लोण्याचे पदर असतात, ते गारच लाटावं लागते. रविवारी मी शहाणीनं पोळीच्या कणकीसारखं रगडून मळलं. लोणी वितळलं. बारशाच्या ऑर्डरचे चाळीस टार्ट दगड झाले.

जावई ओरडला, "कोनं नासवलं?" मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "म्या." त्यानं तिचं डोकं ओट्यावर आपटलं. भुवई फाटली, किसलेलं चीज रक्तानं लाल झालं.

त्यानं पुन्हा हात उगारला तेव्हा मी लाटणं त्याच्या मनगटावर हाणलं. हाड वाजलं. अधिक मासात याच माणसाचे मी पाय धुतले होते. "सासू असून जावयाले मारता?" म्हणे. मी म्हटलं, "दुसरं मनगट हाय अजून तुले."

तो त्याच्या भावाकडं गेला. आमी पोलिसात तक्रार दिली. तिचे टाके शुक्रवारी निघतील, शनिवारच्या बसनं आमी दोघी घरी परतवाड्याले येतो. तो मागून आला तर पाट मांडू नका. दिवाळीत आपण दोघांनीच समजूत घालून तिले परत धाडली होती.

गुडघ्याले तेल लावता ना? अन् फ्रीजचा खालचा खण रिकामा करून ठेवा. तिच्या पिठाले गारवा लागते.

तुमची,
पार्वता