मोठ्यानं बोललेली पानं

शेवगाव, जानेवारी १९७२, रविवार

"मालू, खाली पडलेलं पान तू मोठ्यानं सांग, पुढचं मी बघते." वन्सं असं म्हणाल्या तेव्हा त्यांना सतरंजीवरचे पत्ते दिसेनासे झाले होते. मंडळातल्या बायका त्या सांगण्याला भिडूला केलेल्या खुणा म्हणाल्या. मग आम्ही दोघींनीही मेंढीकोटाच्या स्पर्धा सोडल्या.

आज इतक्या वर्षांनी स्पर्धेला गेले. वन्संना न सांगता, शेजारच्या कुसुमताईंची भिडू म्हणून. पहिलं पान पडलं आणि तोंडातून निघालं, "बदामची दश्शी, वन्सं!"

"अगं, मला दिसतंय की!" कुसुमताई म्हणाल्या.

तरी शेवटपर्यंत पानं बोलतच राहिले. आज कुणी हरकत घेतली नाही, नुसत्या हसल्या. आम्ही जिंकलो. मला एवढा आनंद का व्हावा?

घरी वन्संनी विचारलं, "कुठं गेल्तीस?"

"हळदीकुंकवाला."

"हळदीकुंकवाला घसा बसतो व्हय गं?" म्हणाल्या, आणि चाचपडत डबा काढून खडीसाखर माझ्या हातावर ठेवली. अजून तोंडात आहे.

उद्या शेवटचा डाव. 'नको' म्हणतील, ठाऊक आहे. तरी सकाळी चहा देताना विचारीन: वन्सं, चला ना, माझ्याशेजारी बसा. मी पानं सांगत जाईन.