जोडीदार हजर

३ एप्रिल, दुपार

पोचलो. आजपासून रोजनिशी फोनमध्ये. वही आई वाचते.

हॉटेल ठीक. खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि टाक्यांच्या पलीकडे एक पिवळट रेघ. ती रेघ म्हणजे वाळवंट. तिथे ती नोकरी करते.

घरी सांगितलं होतं की कोरडी हवा बाबांच्या छातीला चांगली. कुठेतरी वाचलंही होतं. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू चालू दे, दम लागला की बसू दे, पाणी सारखं पाजत राहा. तेव्हा ट्रिप बाबांसाठीच आहे. ती इथे असणं हा निव्वळ योगायोग. हा योगायोग शोधायला मला दोन महिने लागले.

रिसेप्शनवर भांडण. खोलीत कॉट दोनच, तिसऱ्या माणसाला जमिनीवर गादी. मी आवाज चढवला. बाबा मागून म्हणाले, गादी तुझीच आहे, तिच्यासाठी एवढा ओरडू नकोस, रात्री तिच्यावरच झोपायचंय.

संकल्प : परत जाईपर्यंत राग बंद.

४ एप्रिल, सकाळ

टूर ऑफिसात जाऊन आलो. काउंटरमागे ती. खाकी टोपी, गळ्यात शिट्टी. उन्हाने रंग उतरलाय, पण चांगलं दिसतं. दीड वर्षाने भेट. मला बघून तिने आधी माझ्या मागे पाहिलं. मग म्हणाली, अरे, तू? कॉलेज कसं चाललंय?

मी म्हणालो, थांबवलंय.

सोडलं आणि थांबवलं यात फरक आहे. हजेरीवरून विभागप्रमुखांशी वाद झाला. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं, मी दार वापरलं. खरं कारण वेगळंच. ती डिप्लोमा संपवून गेल्यावर त्या इमारतीत शिकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हे तिला सांगायचंय, पण काउंटरवर नाही. निरोपाच्या दिवशी ती म्हणाली होती, तिकडे आलास तर नक्की ये. म्हणाली सगळ्या वर्गाला, पण म्हणताना बघत होती माझ्याकडे.

उद्याची पहाटेची वाळवंटातली फेरी बुक केली. तीच नेणार आहे. अंधारात जीपने जायचं, टेकाडावरून सूर्योदय बघायचा, मग पायी पलीकडे उतरायचं. तिथे जीप परत घ्यायला येते. तिने विचारलं, बरोबर कोण? म्हणालो, बाबा. आईचे गुडघे वाळूत चालणार नाहीत. तिने विचारलं, बाबांना काही त्रास वगैरे? मी म्हणालो, ठणठणीत.

यात खोटं काही नाही. ऑपरेशन ठणठणीत होण्यासाठीच केलं होतं.

४ एप्रिल, संध्याकाळ

वाक्य तयार झालं. सूर्य अर्धा वर आला की म्हणायचं. बाथरूमच्या आरशासमोर सात-आठदा म्हटलं. शेवटी बाबांनी दार वाजवलं. म्हणाले, आतल्या माणसाने हो म्हटलं असेल तर बाहेर ये, मला जायचंय.

म्हणजे यांना कळलंय! आईला माहीत नसावं. आई बॅग भरत होती. दोन बाटल्या, बाबांच्या गोळ्या, कानटोपी. म्हणाली, त्यांच्याजवळ राहा. दमले तरी सांगायचे नाहीत ते. बत्तीस वर्षं लेथवर उभे होते, सुपरवायझरला कधी सांगितलं नाही, तुला काय सांगणार?

मी म्हणालो, आई, मी लहान आहे का? ती म्हणाली, लहान असतास तर बरं होतं, हात धरून चालला असतास.

रागावलो नाही. नोंद असावी.

नवे बूट घालणार.

५ एप्रिल, पहाट, जीपमध्ये

पुढची सीट मागितली. ड्रायव्हर म्हणाला, पुढे गाइड बसते. मिशीवाला आहे. ती त्याच्या थर्मासमधला चहा पिते, त्याच्याच झाकणातून. यात काही नसतं. दुसरा कप नसेल.

बाबा खूश दिसतायत. उसळीसरशी छातीला हात लावतात आणि हात लावला की हसतात.

५ एप्रिल, पायथ्याशी

अजून अंधार आहे. तिने नियम सांगितले. प्रत्येकाला एक जोडीदार. शिट्टी वाजली की एक हात जोडीदाराच्या खांद्यावर, दुसरा वर, आणि ओरडायचं, हजर. खांदा हाताला लागत नसेल तर हात वर करायचा नाही. हे तिने दोनदा सांगितलं. वाळूत माणूस दिसेनासा व्हायला एक चढ पुरतो, म्हणाली.

टोपीवाल्या काकांना बायको जोडीदार मिळाली. म्हणाले, इथेही हीच का? सगळे हसले. नव्या लग्नाचं एक जोडपं तर शिट्टीची वाटच बघत नाही.

मला बाबा. पहिल्या शिट्टीला मी हात बाबांच्या खांद्यावर ठेवला. खांदा बारीक झालाय. बाबा कानात म्हणाले, हीच का ती?

मी म्हणालो, कोण ती? ते म्हणाले, बरं.

५ एप्रिल, टेकाडावर

सूर्य आला. वाक्य राहिलं. अर्धा वर आला नेमका तेव्हा काकांनी तिला फोटो काढायला लावले, बायकोच्या तळहातावर सूर्य असा. मग सूर्य पूर्ण झाला.

हरकत नाही. उतरताना सांगतो. उतारावर माणूस मोकळा असतो.

५ एप्रिल, उतरताना

मस्त चाललंय! ती सगळ्यात पुढे, मी तिच्या मागोमाग. बाबाच म्हणाले, तू हो पुढे, मी येतो सावकाश. पाठीवर थापही मारली. बाप असावा तर असा.

टोपीवाल्या काकांच्या बायकोचं पाणी संपलं होतं. मी बॅगेतली एक बाटली काढून दिली. मग नव्या नवरीला दुसरीतलं अर्धं. तिने पुढून वळून पाहिलं, म्हणाली, तुम्हा दोघांना पुरेल ना? म्हणालो, पुरून उरेल. ती हसली. गेल्या दीड वर्षातलं पहिलं हसू, आणि ते माझ्यामुळे.

शिट्टी वाजली. मी हात वर केला. ती म्हणाली, बाबा? मी म्हणालो, हजर, मागे बूट झाडतायत. मागे चढ होता. ते असणारच होते.

नंतर अजून एक शिट्टी. तेव्हाही.

तीन तास झाले, ऊन भाजतंय. नवे बूट चावतायत. पण चालण्यात ऐट आहे.

५ एप्रिल, दुपार

बाबा अतिदक्षता विभागात आहेत.

आधी जे झालं ते लिहितो. नंतर लोक काहीही म्हणतील.

जीप आली. सगळे बसले. एक सीट रिकामी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. मागे वाळू होती.

ती आमच्याच पावलांवरून उलटी धावत सुटली. ड्रायव्हरने लोकांना उतरवलं आणि जीप वळवली. मीही धावत होतो, पण नव्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. त्याला माझा इलाज नव्हता.

बाबा एका काटेरी झुडपाच्या सावलीत सापडले. सावली कसली, काटक्यांची जाळी. त्यांना घामच येत नव्हता. ओठ पांढरे. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाले, मशीन बंद कर रे, तापलंय.

तिने स्वतःची बाटली त्यांच्या डोक्यावर ओतली. तिची खाकी टोपी पडून जीपखाली गेली. मिशीवाल्याने बाबांना उचललं, लहान पोरासारखं. मी पाय धरायला गेलो तर म्हणाला, बाजूला हो.

एवढ्या घाईत त्याचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

५ एप्रिल, संध्याकाळ

डॉक्टर म्हणतात, ऊन लागलंय, हृदयावर ताण आलाय, किडन्या नीट चालत नाहीत. शेवटचं पाणी कधी प्यायले होते, असं विचारलं. आई माझ्याकडे बघायला लागली. बॅग माझ्या खांद्यावरच होती.

डॉक्टरांना म्हणालो, तुम्ही उपचार करा, चौकशा कसल्या करता? आवाज चढला. आईने माझा दंड धरून मला बाहेर काढलं. बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

मी काही मुद्दाम केलेलं नाही. हात वर करणं म्हणजे काही शपथपत्र नव्हे. सगळेच करत होते. शिवाय पुढे हो असं बाबाच म्हणाले होते.

६ एप्रिल, सकाळ

ती आली होती. साध्या कपड्यांत, शिट्टीशिवाय. काचेतून बाबांना पाहिलं. आईच्या पायाशी बसली, म्हणाली, काकू, माझं चुकलं, मी मागे जाऊन बघायला हवं होतं. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. कालपासून आईने मला हात लावलेला नाही.

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. ती म्हणाली, ऑफिसने तिला घरी बसवलंय, चौकशी आहे. मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी आहे. ती म्हणाली, तुझा हात वर होता. मी बघितला. दोन्ही वेळा.

मग जिना उतरून गेली.

खाली मिशीवाला जीप घेऊन थांबला होता. कामाचा संबंध असेल.

ठरलं. उद्या ऑफिसात जाऊन सगळं खरं सांगणार. हात मी वर केला, तो खोटा होता, गाइडचा दोष नाही. मग तिला कळेल माणूस काय आहे ते. एका अर्थाने बरंच झालं. वाक्यापेक्षा हे जास्त पोचेल.

७ एप्रिल

नाही गेलो. आज बाबांनी डोळे उघडले. अशा वेळी मुलाने जवळ असायला हवं. आत एकालाच सोडतात. आई गेली.

उद्या नक्की.

८ एप्रिल

ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. काउंटरवर दुसरंच कोणी होतं. म्हणाला, फेरी बुक करायची का? आता अशा नवख्या माणसाशी काय बोलायचं! ऑफिसचे साहेब उद्या हॉस्पिटलात येणार आहेत म्हणे, पेशंटचं म्हणणं घ्यायला. मग तिथेच सांगेन. आईदेखत, बाबांदेखत. त्यात जास्त धैर्य आहे.

संध्याकाळी नवीन वाक्य तयार केलं. पहिल्यापेक्षा लहान आहे.

९ एप्रिल, दुपार

बाबांना साध्या खोलीत आणलंय. साहेब आले. हातात फळांची पिशवी, आवाज मऊ. विचारलं, गाइडने मोजणी केली होती का?

मी घसा साफ केला. वाक्य जिभेवर होतं.

बाबा म्हणाले, केली होती. पोरगी अगदी चोख. मीच मुलाला पुढे पाठवलं. शिट्टी वाजली की माझाही हात तूच वर कर, असं मीच सांगितलं होतं. म्हातारा झालो, चालायचा कंटाळा. तिला यात गोवू नका.

एवढं बोलून त्यांना धाप लागली. साहेबांनी लिहून घेतलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

पुढे पाठवलं, हे खरं आहे. हाताचं बाबा काहीच म्हणाले नव्हते. पण आता पेशंटनेच सांगितलंय. त्यांना खोटं पाडणं मुलाला शोभत नाही. आणि तीही सुटली. म्हणजे मी जे करणार होतो तेच झालं. फक्त माझ्या तोंडून झालं नाही.

तिला मेसेज केला. चौकशीचं मिटलं, मी होतोच तिथे. उत्तर आलं. काकांना सांग, मी परवा त्यांना भेटायला येईन, तू नसशील तेव्हा.

नेटवर्कचा दोष नाही, मेसेज पूर्ण आलाय. तीनदा पाहिलं.

१० एप्रिल, सकाळ

आई अंघोळीला हॉटेलवर गेली. जाताना मला काही बजावलं नाही. सिस्टरला बजावून गेली.

मी खुर्चीत. ठरवलंय, आता बाबांची सगळी सेवा मीच करणार. औषधं, पाणी, सगळं. ग्लास भरून ठेवला. बाबा म्हणाले, ठेव तिथे. चेष्टा नाही, टोमणा नाही. चार दिवसांत ते मला एकदाही टोचून बोललेले नाहीत. अशक्तपणा आहे, होईल ठीक.

थोड्या वेळाने त्यांना बाथरूमला जायचं होतं. पाय खाली सोडले, उभे राहिले, गुडघे लटपटले. मी झटकन उठून हात पुढे केला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग कॉटची कड धरून सावकाश परत बसले आणि बेल दाबली.

म्हणाले, येऊ दे वॉर्डबॉयला.

मी म्हणालो, बाबा, मी आहे ना. ते म्हणाले, हो, तू बस. अजिबात रागाने नाही. परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले.

पुन्हा बेल दाबली. मी उभाच होतो. ते भिंतीकडे बघत होते, कॉटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून.

वॉर्डबॉय आला तेव्हा चादर बदलावी लागली.