फीत संपल्यावरची गाणी

प्रिय आत्या,

तू जाऊन तीन महिने झाले आणि मी आज पत्र लिहायला बसलोय, कारण उद्या पौर्णिमा आहे. रिठदच्या विहारात बाया जमणार आहेत. मी टेप लावायची आणि त्यांनी तुझी गाणी शिकायची, असं ठरलंय. त्या टेपवर तुझी निम्मी गाणी नाहीतच, आणि ती का नाहीत हे मला एकट्याला ठाऊक आहे.

आठवतं, एस.टी.नं रिसोडला माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आली होतीस? एका शेठजींचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आलेला, संध्याकाळी परत द्यायचा. फीत एकच. मी तुला समजावलं होतं, फीत जोरात पळवली तर आवाज स्वच्छ येतो, पण निम्मीच गाणी मावतात. हळू चालवली तर सगळी मावतात, पण आवाज मळतो.

"मंग काहून पळवतं तिले? हयू चालू दे," तू म्हणालीस. "आवाज घोगरा आला तरी चालते. माहं एकबी गानं बाहेर नाही राह्यलं पाह्यजे."

पण मी पडलो कारागीर! माझ्या हातची टेप आणि तिच्यात खरखर? धम्मदीक्षेच्या वर्षापासून जुळवलेली गाणी तुझी, आणि हट्ट माझा. तू पाणी प्यायला वळलीस आणि मी बटण जोरावर फिरवलं.

दोन्ही बाजू भरल्या. फीत संपली तेव्हा तू डोळे मिटून गात होतीस. सुटलेलं टोक फडफडायला लागलं, तसं मी चाकावर हात दाबून धरला. तुला थांबवलं का नाही? थांबवलं असतं तर बटणाचं कबूल करावं लागलं असतं. तू गात राहिलीस, एकामागून एक, आणि माझं सगळं लक्ष दाराकडे, शेठजींचा माणूस येतो की काय म्हणून. त्यातली एक ओळही मला आठवत नाही.

"सारे गाने आले ना रे?"

"हो आत्या."

तूही कमाल केलीस! लगेच विश्वास ठेवलास. शेजारची शांताकाकू गाणी शिकायला आली, तर तिला म्हणालीस, "आता कायले घोकतं? माह्या भाच्याच्या डब्यात सारे हायेत." तुला लिहिता येत नव्हतं. तुझ्यामागून गाणाऱ्या बायांना येतं ते प्रत्येक कडव्याचं शेवटचं टोक. बाकीचं तुझ्यासोबत गेलं.

आणि परवा काकूनं विचारलं, "टेप बराबर हाये ना?" तर मी काय बोललो? "आत्याले दम लागला होता. थोडे गाने राह्यले." तुझ्यावर ढकललं, जी उलटून बोलू शकत नाही तिच्यावर! उद्यासाठी भाड्यानं आणलेल्या यंत्रावर काल ती टेप लावून ऐकली. इतकी स्वच्छ आहे की तुझा श्वासही ऐकू येतो. दम कुठंच लागलेला नाही.

उद्या टेप लावण्याआधी मी उभा राहीन. बटण मी फिरवलं, हे सगळ्यांसमोर सांगीन. बाया बोलतील, बोलू देत. मग त्यांना आठवतात तेवढी टोकं वहीत उतरवून घेईन. तुझी कडवी त्यानं परत येणार नाहीत, कळतं मला. पण आत्या थकली होती, असं उद्यानंतर कुणी म्हणणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझा भाचा,
सुभाष